अमेरिकेत कॉलेजच्या सामन्यांचे टीव्ही हक्क कोण विकतं?

देवगडकर:
आमच्याकडे कबड्डीचे सामने युट्यूबवर दाखवणारा एक जण प्रत्येक मंडळाशी वेगळा भाव ठरवतो. लहान वाडीच्या हाती काहीच लागत नाही, याचा फार राग येतो. अमेरिकेत कॉलेजं गटाने हक्क विकतात म्हणे. कसं जमतं?

खाडीकाठ:
पूर्वी कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉलचे टीव्ही करार एनसीएए, म्हणजे कॉलेज खेळांची देशपातळीवरची संघटना, हिच्या मुठीत होते. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली, १९८४ साली सुप्रीम कोर्टाने ती मक्तेदारी मोडली. पुढे कॉन्फरन्स, म्हणजे विद्यापीठांचे गट, स्वतः सौदा करू लागले.

खरी मेख लेखी करारात आहे. प्रत्येक कॉलेज आपल्या मैदानावरच्या सामन्यांचे हक्क ठरावीक वर्षांसाठी गटाच्या नावे करतं. मधेच गट सोडला तरी हक्क गटाकडेच राहतात, म्हणून चॅनल मोठी रक्कम मोजायला तयार होतं. २०२२ मध्ये बिग टेन या गटाने तर सामन्यांचा शनिवारच वाटून विकला: दुपारी बाराचा सामना फॉक्सला, साडेतीनचा सीबीएसला, रात्रीचा एनबीसीला. तिघांनाही आपली हक्काची वेळ मिळाली!

रापणकर:
पण मुदत संपली की गाठ सुटते. पॅक-१२ या गटाचा टीव्ही करार २०२४ मध्ये संपणार होता, नवा मनासारखा जुळेना. बारापैकी दहा कॉलेजं गेली.

खाडीकाठ:
बरोबर. म्हणून देवगडकर, आधी मंडळांचा आपसातला कागद करा, युट्यूबवाल्याला मागाहून बोलवा. आणि फायनल वेगळी विका.

देवगडकर:
शिमग्यानंतर सगळी मंडळं बसतात, तेव्हा हेच मांडतो.