पिकअपवाली जुनी नायलॉन गिटार: २२ हजारांना घ्यावी का?

मंद्रसप्तक (ठाणे)

नमस्कार मंडळी. वय ५१, गिटारचं चौथं वर्ष. आमचा पाच जणांचा भावगीतांचा गट आहे. सोसायटीचा गणपती, कोजागिरी, कुणाची साठी, असले कार्यक्रम. माझी साधी, नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार आहे. तिच्यापुढे माइक ठेवला की गिटारपेक्षा शेजारचा तबलाच जास्त ऐकू येतो. मागच्या कोजागिरीला साउंडवाल्या पोराने सरळ विचारलं, "मॅडम, तुमचं वाद्य चालू आहे ना?" त्याच रात्री ठरवलं, पिकअपवाली घ्यायची, म्हणजे तारांचा आवाज पकडून केबलने ॲम्पला देणारं यंत्र आत असलेली.

नवीन परवडत नाही असं नाही, पण घरात दुसरी गिटार कशाला याचं उत्तर माझ्याकडे नाही. कल्याणचा एक मुलगा शिकायला जर्मनीला चाललाय, तो त्याची यामाहा एनटीएक्स ७०० विकतोय. २२ हजार म्हणतो. फोटोत झकास दिसते. फोनवर म्हणाला, "काकू, आवाज कमी वाटला तर स्टीलच्या तारा लावा, मीपण मध्ये दोन महिने लावल्या होत्या." हे चालतं का? रविवारी बघायला जाणार आहे. नेमकं काय बघू? नवऱ्याचा सल्ला: "ओरखडे बघ."

ठेका_चुकला

२२ जास्त आहेत. १५ म्हणा आणि गप्प बसा. पुढचं तो बोलेल.

तारदान (सांगली)

ताई, ओरखडे सोडा. त्या मुलाने बोलता बोलता जे सांगितलंय, त्यावरच सगळा सौदा आहे.

नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ३५ ते ४० किलो. स्टीलचा हलक्यातला सेट लावला तरी तो ७० च्या पुढे जातो. नायलॉनच्या गिटारचा टॉप (पुढची फळी) पातळ, आतल्या पट्ट्या हलक्या, आणि ब्रिज (तारा जिथे बांधतात तो लाकडी तुकडा) नुसता चिकटवलेला. दोन महिने दुप्पट ओढ बसली म्हणजे काहीतरी हललं असणार. कदाचित थोडंच, पण ते तुम्हाला शोधायचंय.

हे मला महागात पडून कळलं. २०११ मध्ये मी एक जुनी गिटार घेतली, कंपनी कुठली ते जाऊ द्या. मे महिन्यात ती दुपारभर गाडीत राहिली. रात्री घरात फटकन आवाज झाला, मला वाटलं मांजराने काही पाडलं. बघतो तर ब्रिज तारांसकट सुटून लोंबतोय. आधीच्या मालकाने स्टीलच्या तारा लावल्या होत्या, हे मला नंतर कळलं. उन्हाने फक्त उरलेलं काम केलं.

गिटार दुरुस्त करणारं आमच्याकडे कोण असणार? पण मिरज दहा किलोमीटरवर. तंबोरे करणाऱ्या एका ओळखीच्या कारागिराकडे नेली. त्यांनी आयुष्यात गिटार उघडली नव्हती. उलटसुलट करून बघितली आणि म्हणाले, "ही तुमची घोडी, एवढंच ना?" मग जुना सरस सुरीच्या टोकाने असा खरवडला, की खालच्या लाकडाचा एक तंतूही उठला नाही. घोडी कोरडीच बसवून, डोळा टेकवून कुठून उजेड येतो ते तपासलं. तीनदा घासली. चौथ्यांदा उजेड आला नाही, तेव्हा कुठे सरस लावला.

मग मी रडगाणं सांगितलं की ॲम्पवर तिसरी तार दबते. इथे थोडं तांत्रिक. नायलॉनवर इलेक्ट्रिक गिटारचा चुंबकी पिकअप चालत नाही, कारण त्याला लोखंडी तार लागते. म्हणून ब्रिजवरच्या सॅडलखाली (तारा जिच्यावर टेकतात ती बारीक पट्टी) पिझोची पट्टी असते, ती दाबातले बदल पकडते. सॅडलचा तळ केसभर जरी वाकडा असला, तरी तिथली तार कमी वाजते. जन्मभर तंबोऱ्याच्या घोडीची जवारी घासून काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागलं नाही. काचेवर पॉलिश पेपर ठेवून त्यांनी सॅडलचा तळ दहा-बारा वेळा सरळ ओढला. तिसरी तार आली! पैसे विचारले तर म्हणाले, चहा पाजा.

तेव्हा रविवारी पर्समध्ये वहीचं एक पान, सहा इंची पट्टी, ट्यूनर आणि स्वतःची केबल घेऊन जा. पान ब्रिजच्या मागच्या कडेखाली सरकवून बघा. आत शिरलं तर ब्रिज उठलाय. ब्रिजमागे टॉपला किंचित फुगवटा चालतो, पण ब्रिजपुढे खड्डा दिसला तर चहा न घेता परत या. बाराव्या फ्रेटवर (मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) तारेची उंची मोजा: जाडी तार ४ मिलिमीटरच्या आसपास, बारीक ३. फार जास्त भरली तर सॅडल घासून भागेल का, तो आधीच तळाला लागलाय, तेही बघा. मानेत ट्रस रॉड (मान सरळ करायची आतली सळई) आहे का ते विचारा. बऱ्याच साध्या क्लासिकलमध्ये तो नसतो, मग वाकलेली मान चावी फिरवून सरळ होत नाही.

वाजवताना आधी केबल न लावता वाजवा. लाकूड बोलतंय का ते तिथेच कळतं. मग ॲम्पवर एकेक तार सारख्या जोराने. जॅक हलवून खरखर होते का, बॅटरीच्या खणात हिरवट बुरशीसारखं काही आहे का. पण विजेच्या भागाला घाबरू नका, तो बदलता येतो.

आणखी एक. तुमच्या गिटारचा नट (मानेच्या वरच्या टोकाची तारांची पट्टी) ५२ मिलिमीटर रुंद असेल, हिचा ४८ आहे, शिवाय मान चौदाव्या फ्रेटवर जुळते. कॉर्डना सोपं जाईल, पण उजव्या हाताला पहिले दोन आठवडे तारा दाटीवाटीने बसल्यासारख्या वाटतील.

मडगावकर

तारदान काकांनी सगळं सांगितलंच. माझी भर एवढीच की पिकअपवाल्या पोकळ गिटारला स्टेजवर मॉनिटरसमोर (वाजवणाऱ्यांकडे तोंड केलेला स्पीकर) उभं करू नका, घुमायला लागते. म्हणूनच गोडिन मल्टियॅकसारख्या गिटारींचं अंग जवळजवळ भरीव, आत नुसत्या पोकळ्या. आणि जुन्याला भिऊ नका. अमेरिकन गायक विली नेल्सनची 'ट्रिगर' ही गिटार मार्टिन एन-२०, म्हणजे नायलॉनचीच. त्यात दुसऱ्या मोडक्या गिटारचा पिकअप बसवलेला. १९६९ पासून वाजतेय, टॉपला पिकने घासून भोक पडलंय.

मंद्रसप्तक (ठाणे)

जाऊन आले. वहीचं पान जाड्या तारांच्या बाजूला आत गेलं, नखाच्या टोकाएवढं. बारीक तारांकडे अजिबात नाही. पुढे खड्डा नाही. जाडी तार साडेचार भरली, पण सॅडल वर अजून बराच शिल्लक आहे. मान सरळ. ॲम्पवर चौथी तार मंद, मला तर हसूच आलं.

केबलशिवाय वाजवली आणि फसले. इतका गोल आवाज माझ्या गिटारला चार वर्षांत आला नाही. मुलाला पान दाखवलं तर तो बिचारा खरंच दचकला, त्याला काहीच माहीत नव्हतं. मी १४ म्हणाले, तर त्याच्या आईनेच आतून सांगितलं, "देऊन टाक रे, विमानात नेणारेस का?" साडेचौदाला घरी आणली. नवरा म्हणतो, ओरखडा आहे.

तारदान काका, तुमचे ते कारागीर अजून बसतात का? महालक्ष्मी एक्सप्रेसने मिरजेला आले तर?

तारदान (सांगली)

बसतात. डोळे थोडे अधू झालेत, हात नाही. आत्ताच्या आत्ता सगळ्या तारा दोन सूर खाली उतरवा, म्हणजे उठलेली कड आणखी उठणार नाही. काढू मात्र नका, आवाज कुठे दबतोय ते त्यांना ऐकायचं असतं. गाडीत गिटार वरच्या बर्थवर, स्वतःच्या उशाशी. आणि शनिवारी येऊ नका, शनिवारी ते कुणाचं काही हातात घेत नाहीत.