नागरिकत्वाचा अर्ज गणपतीआधी टाकू की थांबू? १०९५ दिवसांचा हिशेब

आचऱ्याची माहेरवाशीण
आईच्या मांडीचं हाड मोडलं म्हणून एप्रिलच्या सुरुवातीला आचऱ्याला आले. जूनच्या मध्यापर्यंत इथेच आहे. कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज करायचाय आणि घरात दोन तट पडलेत, म्हणून इथे मांडते.

नियम असा, की अर्जावर सही कराल त्या दिवसाआधीच्या पाच वर्षांत १०९५ दिवस प्रत्यक्ष कॅनडात काढलेले हवेत. पीआर, म्हणजे कायम रहिवासाचा परवाना, झाल्यानंतरचा दिवस पूर्ण धरतात. त्याआधी विद्यार्थी म्हणून किंवा वर्क परमिटवर असतानाचा दिवस अर्धा, आणि अशा अर्ध्यांची बेरीज फार तर ३६५. मी निघाले तेव्हा पीआरचे ७६४ आणि आधीच्या ७०० दिवसांचे ३५०, असे १११४ भरत होते. नवरा म्हणत होता, अर्ज टाक आणि मग विमानात बस. आई हॉस्पिटलात असताना मला ते सुचेना.

परवा ओटीवर वही घेऊन बसले तेव्हा खरी गोष्ट लक्षात आली. ही पाच वर्षं रोज एक दिवस पुढे सरकतात. मी इथे असले की मागच्या टोकाचा अर्धा दिवस गळतो आणि पुढे भर काहीच पडत नाही. सत्तर दिवसांनी परत पोचेन तेव्हा हातात १०७९ उरतील. तिथे राहिलं की रोज एक मिळतो, अर्धा जातो. म्हणजे गणपतीला निघायची वेळ येईपर्यंत, आणखी सत्तर दिवसांनी, पुन्हा १११४. वर फक्त १९.

तेवढ्यावर अर्ज टाकून गणपतीला यावं, की यंदाचा गणपती सोडून आणखी दिवस जमवावेत? आई वॉकर धरून दारापर्यंत येते आणि रोज विचारते, "गणपतीक येतलस मां?"

त्यात एक शिक्का. पीआर झाल्यावर एकदा इथून परत गेले, त्या वेळचा मुंबईचा. तो जुना पासपोर्ट दोन पावसाळे इथल्या पत्र्याच्या ट्रंकेत राहिला आणि निळी शाई पानात पसरली. महिना दिसतो, वर्ष दिसतं, तारीख ११ की १७ ते कळत नाही. मी ११ धरली आहे. टोरांटोला कियॉस्कवरून, म्हणजे यंत्रावर स्वतःच नोंद करून, आत गेले, तिथला शिक्काच नाही. तिकीट जुन्या नोकरीच्या ईमेलवर होतं, ती नोकरी सुटली.

मिसिसागाचा मालवणकर
ताई, टाका अर्ज. कायदा १०९५ म्हणतो, ११५० म्हणत नाही. मी १२ दिवस जास्तीचे असताना टाकला आणि आज नागरिक आहे.

थांबण्याची किंमत कुणी सांगत नाही, ती मी सांगतो. जून २०१५ मध्ये नियम बदलला तेव्हा सहा वर्षांत १४६० दिवस लागू झाले आणि पीआरच्या आधीचे दिवस मोजणंच बंद झालं. ऑक्टोबर २०१७ मध्ये पुन्हा १०९५ आले आणि अर्धे दिवसही परत आले. मधल्या दोन वर्षांत 'जरा निवांत करू' म्हणणारी माझ्या ओळखीची तीन घरं लटकली. नियम आज आहे तोच वर्षभराने असेल हे कोण लिहून देणार?

शिवाय मोजणी सहीच्या दिवशी थांबते. त्यानंतर गणपतीला या, शिमग्याला या, तो आकडा कमी होत नाही. पीआर टिकवायचं, परीक्षेचं बोलावणं चुकवायचं नाही आणि शपथेला कॅनडात हजर राहायचं. आईला खोटी आशा लावण्यापेक्षा हे बरं.

वेंगुर्ल्याची वहिनी
भाऊजी, तुमचं निभावलं म्हणून सगळ्यांचं निभावेल असं नाही. आमच्याकडे ९ दिवस जास्तीचे होते. नवऱ्याने गाडीने सीमा ओलांडून अमेरिकेत चार रात्री काढल्या होत्या, आणि ते आम्ही अर्जात लिहायचंच विसरलो. रस्त्याने बाहेर पडताना पासपोर्टवर कॅनडाचा शिक्का पडत नाही, त्यामुळे आमच्या लक्षात राहिलं नाही. त्यांच्या नोंदीत मात्र होतं. सकाळी जाऊन त्याच दिवशी परत आलात तर गैरहजेरी धरत नाहीत, पण रात्री मुक्काम केला की मधले दिवस जातात.

आमचे दिवस तरीही भरत होते. पण विश्वास गेला तो गेला, आणि घरी रहिवासाची लांबलचक प्रश्नावली आली. घरभाड्याचे करार, पगाराच्या पावत्या, बँकेची पाच वर्षांची स्टेटमेंटं, मुलीच्या लसींचं कार्ड, दाताच्या डॉक्टरचं बिल. नवरा कुठल्या मंगळवारी कुठल्या गावात होता ते मी रात्री बारा वाजता बिलं लावून शोधत बसायचे. वर्षाहून जास्त गेलं. ताई, तुमच्याकडे तर एक शिक्का आधीच वाचता येत नाही. ११ धरलीत आणि १७ निघाली, तर आकडा सहाने चुकलाच, वर अर्जात चुकीची तारीख लिहिल्याचं लागेल. निदान पन्नास दिवस वर असल्याशिवाय सही करू नका.

मिसिसागाचा मालवणकर
वहिनी, तुम्हाला त्रास झाला तो न लिहिलेल्या रात्रींमुळे. पन्नास दिवस वर असते आणि त्या चार रात्री तशाच राहिल्या असत्या, तरी प्रश्नावली आलीच असती. जास्तीच्या दिवसांनी खोट भरून निघत नाही. नोंद चोख हवी, मग एक दिवस जास्त असला तरी पुरे.

बोटीवरचा, जयगड
मी मर्चंट नेव्हीत, घरच्यांचं पीआर हॅलिफॅक्सचं. परदेशी झेंड्याच्या जहाजावर बाहेर काढलेले महिने मोजत नाहीत, म्हणून मला १०९५ अजून दूर आहेत. पण सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदपुस्तकात, जहाजावर चढल्या-उतरल्याचे शिक्के असतात, त्यामुळे माझा एकही दिवस वादात नाही. ताईंना एवढंच सांगेन, की कॅनडाच्या सीमा खात्याकडे स्वतःच्या ये-जा करण्याची नोंद मागता येते. ती मागवा. डोळे ताणून शिक्का वाचण्यात अर्थ नाही.

निवृत्त तलाठी
तुम्ही सगळे दिवस मोजताय. नागरिकत्व घ्यावं का, हे कुणी विचारलंच नाही.

नागरिकत्व कायदा १९५५ च्या कलम ९ प्रमाणे स्वखुशीने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट जमा करावा लागतो. परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना देतात ते ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. आचऱ्यात तुमची आंब्याची कलमं असतील. सातबाऱ्यावर नाव लागण्याआधी परकी होऊ नका, मुली. चाळीस वर्षं मी हेच कागद पाहिले.

वेंगुर्ल्याची वहिनी
काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगते, यात निम्मं बरोबर आहे. पासपोर्ट भारताचा असला तरी परदेशात स्थायिक माणसाला फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली शेतजमीन, मळा किंवा फार्महाउस विकत घेता येतच नाही. ती आडकाठी ताईंना आजही आहे. वडिलांनी बागेचं बक्षीसपत्र करून दिलं तरी चालत नाही. वारशाने मात्र येते, पासपोर्ट भारताचा असो नाहीतर ओसीआय असो. वारस नोंदीला नागरिकत्व आड येत नाही. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते, एवढं बंधन.

निवृत्त तलाठी
वारशाचं मान्य. पण उद्या ती कायमची परत आली तर? भारतीय नागरिक गावात येऊन राहिला की पुन्हा निवासी होतो, त्याच्यावरची ती अट उठते. पासपोर्ट सोडल्यावर तो सरळ रस्ता राहत नाही. आंब्याचं कलम लावून वर्षानुवर्षं वाट बघणारी माणसं आपण. पाच वर्षांच्या हिशेबावर एवढं मोठं ठरवू नये.

कुवेतला २२ वर्षं, आता खेड
काका, माझं ऐका. बावीस वर्षं कुवेतला घाम गाळला. तिथे किती दिवस काढले ते कुणी विचारलं नाही, कारण आमच्यासारख्याला नागरिकत्व मिळायचंच नव्हतं. रहिवास नोकरीला बांधलेला. कंपनी बंद झाली आणि महिन्याभरात सामान बांधून खेडला आलो. मुलगा तिथेच जन्मला, तिथल्या शाळेत शिकला, त्यालाही उठावं लागलं. आमच्या पट्ट्यात अशी घरं गावागणिक सापडतील. जो देश तुमचे दिवस मोजून शेवटी हक्क देतो, त्याचं दार उघडं असताना बागेकडे बघत थांबू नका. तुम्ही दोघं आहात ना? मग एकाने घ्या, दुसऱ्याने पीआर ठेवा.

मिसिसागाचा मालवणकर
ही वाट कायद्यात बसते. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस लागतात आणि नागरिक जोडीदारासोबत परदेशात काढलेले दिवस त्यात धरतात. नागरिकत्वाच्या १०९५ मध्ये मात्र ते धरत नाहीत.

आचऱ्याची माहेरवाशीण
तुमच्या सगळ्यांचं दोनदा वाचलं. काल दिवसभर ट्रंक उपसली. पासपोर्टच्या प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, मागच्या कप्प्यात, घडी घातलेलं कोकणकन्येचं तिकीट सापडलं. कणकवली ते सीएसएमटी, तारीख १५. कडा पिवळ्या झाल्यात, पण अक्षर स्वच्छ आहे. १५ च्या रात्री कणकवलीला गाडीत बसलेली बाई ११ ला मुंबईहून उडू शकत नाही. म्हणजे १७. माझे सहा दिवस गेले.

आता परत पोचेन तेव्हा १०७३, आणि गणपतीच्या तोंडावर ११०८. वर तेरा. भाऊ, तुमचं म्हणणं पटतं की नोंद चोख असली तर तेरा पुरतात. पण ११ ही तारीख मी मनापासून खरी धरून चालले होते. अशी आणखी एखादी माझ्या वहीत असेल तर मला आज दिसणार नाही. सीमा खात्याची नोंद मागवते, आणि सही नोव्हेंबरच्या मध्याला. तोवर ११४८ होतात.

काका, बाग दादा बघतो आणि तीच त्याची रोजीरोटी आहे. माझं नाव वारशाने लागायचं तेव्हा लागेल. नवरा सध्या पीआरवरच राहील, ते आमचं ठरलं.

गणपतीला यंदा येत नाही, हे आईला आज सकाळी सांगितलं. बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, आंगणेवाडीक तरी ये. भराडी देवीच्या जत्रेचा दिवस देवीच्या कौलानेच ठरतो, आधी कुणाला कळत नाही. दादाला सांगून ठेवलंय, तारीख निघाली की त्याच रात्री फोन कर, मी तिकीट काढते.

मिसिसागाचा मालवणकर
मी अजूनही तेरावर टाकला असता. पण जत्रेला मीही येतोय, ताई.