बाल्कनीला जाळी लावली म्हणजे मांजर कैदेत टाकलं का?

घोडबंदर_सातवामजला
परवाच्या मांजरांच्या धाग्यावर रत्नागिरीच्या एका सदस्यांनी लिहिलं होतं, "बाल्कनीला जाळी ठोकून त्यात मांजर ठेवणं ही कैद आहे. पाळायचं तर मोकळं पाळा, जमत नसेल तर पाळू नका." त्यावर बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. मला ते फार लागलं. तिथे दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून इथे लिहिते.

मोकळं म्हणजे नक्की कुठे? आमच्या इमारतीखाली पार्किंग, फाटकाबाहेर घोडबंदर रोड, रात्रभर ट्रक. आवारात भटकी कुत्री. मागच्या दुकानांनी गटाराच्या कडेला उंदराचं औषध टाकलेलं. थंडी-पावसात मांजरं उबेसाठी गाडीच्या बॉनेटखाली शिरतात आणि सकाळी कुणीतरी गाडी चालू करतं. असलं मोकळेपण मी माझ्या बोक्याला देणार नाही.

पण चोवीस तास चार भिंतीतही ठेवणार नाही. गेल्या वर्षी त्याची लघवी तुंबली, कॅथेटर घालावा लागला. डॉक्टर म्हणाले, खस्सी केलेले, वजन वाढलेले, दिवसभर घरात बसून असणारे बोके यात जास्त सापडतात. पाणी वाढवा, ओलं खाणं द्या आणि त्याच्या जिवाला काही उद्योग द्या. तो उद्योग म्हणजे आमची बाल्कनी. कठड्यापासून छतापर्यंत स्टीलची जाळी, भिंतीवर चढत्या फळ्या, एका कुंडीत गव्हाचे कोंब, दुपारच्या उन्हाला बांबूची चिक. संध्याकाळी येऊरच्या डोंगराकडून वारा सुटला की तो सगळ्यात वरच्या फळीवर जातो, नाक जाळीला टेकवतो, मिशा पुढे काढतो आणि कितीही हाका मारा, हलत नाही. जाळीवर पाल आली की दात कटकट वाजवतो. हे बघून कुणी कैद म्हणणार असेल तर म्हणो.

रत्नागिरीकर_वाडीवाला
ते लिहिणारा मीच, आणि शब्द मागे घेत नाही.

आमच्याकडे भाटी, म्हणजे मांजरी, आहे. माळ्यावर जन्मली. दुपारी नारळाच्या आळ्यात गारव्याला झोपते, रात्री पडवीच्या कौलांवरून कुठे जाते ते आम्ही विचारत नाही. भाताच्या कणगीपाशी उंदीर फिरकत नाही, ही तिची कमाई. मांजर हे घराचं काम करणारं जनावर आहे, स्वतःच्या मर्जीनं येणारं-जाणारं. तुमचा बोका पालीकडे बघून दात वाजवतो ते तिला पकडता येत नाही म्हणून, हे लक्षात घ्या. सातव्या मजल्यावर राहायचं तुम्ही ठरवलंत, त्यानं नाही. आणि मांजर पडलं तरी चार पायांवर उतरतं. जाळीचा एवढा बोभाटा कशासाठी?

सोनामाऊ_औंध
वाडीवाले, शेवटचं वाक्य पुन्हा कुठे लिहू नका. हात जोडते.

आमची सोना चौथ्या मजल्यावरून पडली. चार पायांवरच उतरली. खालचा जबडा मधोमध दुभंगला, टाळू फाटला, पुढचा पाय मोडला. जबडा तारेनं बांधला, कित्येक दिवस नळीतून पातळ खाणं भरवलं. लोक ज्या अभ्यासाचा हवाला देतात तो न्यूयॉर्कच्या एका पशुरुग्णालयातला, 1987 सालचा. उंचावरून पडलेली 132 मांजरं, आणि उपचार झालेल्यांपैकी 90 टक्के वाचली. पण जी खाली पडून जागीच मेली, त्यांना दवाखान्यात कोण नेणार? ती मोजलीच गेली नाहीत. आणि वाचलेल्यांच्या छातीचं, जबड्याचं काय झालं होतं तेही त्याच अभ्यासात आहे.

गुरांचा_डॉक्टर_नाशिक
दवाखाना चालवतो, म्हणून दोन्ही बाजूंना न पटणारं बोलतो.

एक, मांजराला बाल्कनी लागतेच असं नाही. रोज ठरलेल्या वेळी दोरीमागे पळवा, चढायला उंच जागा द्या, खाणं शोधून काढायला लावा, खिडकीला पक्की जाळी बसवा. मांजर सुखात राहतं. बाल्कनी केली म्हणून खेळायला वेळ नाही असं म्हणणारे मालक मला रोज भेटतात.

दोन, "उन्हातून ड जीवनसत्त्व मिळतं" हे इथे अनेकदा वाचतो. मांजराच्या कातडीत ते पुरेसं तयार होत नाही, अन्नातूनच मिळावं लागतं. ऊन त्याला ऊब म्हणून आवडतं, एवढंच. उलट पांढऱ्या कानांच्या मांजरांना वर्षानुवर्षं कडक ऊन लागलं तर कानाच्या कडेला कर्करोग होतो. सावली हवीच.

तीन, कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मांजरासाठी समजू नका. उन्हानं तिचा धागा कुजतो, मांजर कुरतडतं, आणि हुकातून एक कोपरा सुटला की सगळी सैल पडते. "जाळी होती हो" म्हणत रडत आलेले लोक मी पाहिले आहेत. अदृश्य ग्रिल म्हणतात त्या बारीक स्टीलच्या तारांतही कुठे दोन, कुठे तीन-चार इंचांचं अंतर असतं. पिल्लाचं डोकं गेलं की पिल्लू गेलं.

सेक्रेटरी_डोंबिवली
सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून बोलतो, कारण शिव्या शेवटी आम्हीच खातो. एकानं काळी जाळी लावली, दुसऱ्यानं हिरवी, तिसऱ्यानं दोन फूट बाहेर काढलेलं खोक्यासारखं ग्रिल आणि त्यात वॉशिंग मशीन. आग लागली तर अग्निशमनवाले आत येणार कुठून आणि तुम्ही बाहेर पडणार कुठून? मांजरापायी माणसं कोंडणार का? आमच्याकडे परवानगीशिवाय जाळी लावायची नाही असा ठराव आहे.

घोडबंदर_सातवामजला
पाळीव प्राण्यांवर सोसायटीला बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळानं 2015 सालीच कळवलेलं आहे.

सेक्रेटरी_डोंबिवली
प्राण्यांवर बंदी कुणी घातली? मी ग्रिलबद्दल बोलतोय. प्रत्येक गोष्टीला तो कागद दाखवू नका.

धाप_लागते
मांजराचं सोडा. जाळ्या लागल्याच पाहिजेत, सगळ्या खिडक्यांना, आणि त्या कबुतरांमुळे. माझ्या सासूबाईंना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस, म्हणजे ॲलर्जीनं फुफ्फुसांना येणारी सूज, आहे. बेडरूमच्या एसीवर वर्षानुवर्षं कबुतरांची घरटी, विष्ठा वाळून तिची धूळ आत. आज त्या घरात ऑक्सिजनच्या यंत्राला नळी लावून बसतात, न्हाणीघरापर्यंत जायचं तरी मध्ये थांबतात. वरच्या मजल्यावरच्या बाई अजून रोज ज्वारी टाकतात. सेक्रेटरीसाहेब, तुमचा ठराव जाळी लावणाऱ्यावर का? दाणे टाकणाऱ्यावर का नाही?

दाणापाणी_मुलुंड
तुमच्या सासूबाईंचं वाईट वाटतं. पण मुक्या जिवाला मूठभर दाणे घालणं आमच्या घरात पिढ्यानपिढ्या चालत आलंय. शहरात धूर आहे, बांधकामाची धूळ आहे. सगळा दोष कबुतरावर का?

धाप_लागते
कारण फुफ्फुसाच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न कबुतरांचाच विचारला. जुलै 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मुंबई महापालिकेला सांगितलं की बंदी मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा. दादरचा कबुतरखाना ताडपत्री घालून बंद केला, तर 6 ऑगस्टला लोकांनी ती ताडपत्री फाडली. त्या दिवशी मी टीव्ही बंद केला. आमच्या घरातलं माणूस श्वासासाठी झगडतंय आणि रस्त्यावर लोक कबुतरांच्या उपासमारीवर बोलतात.

दाणापाणी_मुलुंड
भावना दुखावल्या होत्या लोकांच्या. एका रात्रीत बंद करायचं, मग हजारो पाखरांनी जायचं कुठे? पर्यायी जागा आधी द्यायला हवी होती.

धाप_लागते
पर्यायी फुफ्फुसं कुठे मिळतात ते सांगा, मग जागेचं बोलू.

सोनामाऊ_औंध
कृपा करून कबुतरांचा वेगळा धागा काढाल का दोघं?

गुरांचा_डॉक्टर_नाशिक
कबुतरं या विषयाबाहेरची नाहीत. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकसची बुरशी मांजरांना होते, नाक सुजतं, उपचार महिनोन्‌महिने चालतात. बाल्कनी मांजरासाठी करणार असाल तर आधी विष्ठा ओली करून, मास्क लावून काढा. कोरडी झाडू नका. एसीच्या मागची खाचही बंद करा, कबुतर तिथूनच येतं आणि मांजर त्याच्यामागे तिथूनच जातं. कुंड्यांतलं मनी प्लांट बाहेर काढा. आणि लिली अजिबात नको, तिच्या परागानंसुद्धा मांजराचं मूत्रपिंड निकामी होतं.

कॅनबेरातली_मावशी
आमच्याकडे, ऑस्ट्रेलियातल्या कॅनबेरात, हा वाद कायद्यानंच मिटवला. 1 जुलै 2022 पासून पुढे जन्मलेलं मांजर मालकाच्या आवारातच ठेवावं लागतं, बाहेर न्यायचं तर पट्टा लावून. त्यामुळे परसात जाळीचं दालन आणि खिडकीतून तिथे जायला बोगदा, हे घरोघरी दिसतं. सुरुवातीला मलाही जाच वाटला. पण शेजारच्या झुडपात निळे रेन पक्षी पुन्हा दिसायला लागले. अमेरिकेत 2013 साली अंदाज निघाला होता, मांजरं दरवर्षी 130 ते 400 कोटी पक्षी मारतात.

रत्नागिरीकर_वाडीवाला
मावशी, ऑस्ट्रेलियात मांजर गोऱ्यांबरोबर जहाजातून आलं. तिथल्या पाखरांना ते माहीतच नव्हतं. आपल्याकडे मांजर माणसाबरोबर शतकानुशतकं राहतंय. तिकडचा कायदा इकडे कशाला?

कॅनबेरातली_मावशी
तो फरक मान्य. अमेरिकेतल्या त्या आकड्यातही बहुतेक शिकार बेवारस मांजरांची होती, पाळलेल्यांची कमी. पण जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटवीला तुमची भाटी पाळलेली आहे हे कळत नाही.

सोनामाऊ_औंध
वाडीवाले, सरळ विचारते. या भाटीच्या आधीची मांजरं कुठे आहेत?

रत्नागिरीकर_वाडीवाला
एकाला फुरसं चावलं. एकाला बिबट्यानं नेलं, पडवीतून, आमच्या डोळ्यांदेखत. एक बोका आषाढात गेला तो आलाच नाही, आईनं महिनाभर रात्री दाराशी भात ठेवला. तुम्हाला वाटतं आम्हाला काही वाटत नाही? चार-पाच वर्षं जगतात, पण जगतात ती मांजरासारखी. तुमचा बोका पंधरा वर्षं जगेल. जगू दे. मला त्यातलं कुठलं बरं हे विचारू नका.

घोडबंदर_सातवामजला
तुमच्या आईंचं वाचून वाईट वाटलं, मनापासून. पण मी निवडेन ती पंधरा वर्षंच. वारा, वास, ऊन, पाखरांचा आवाज एवढं सगळं देऊन तो जिवंत राहत असेल, तर शिकार तेवढी मी त्याच्याकडून काढून घेईन, आणि त्याची भरपाई रोज दोरीमागे पळून करेन. डॉक्टर म्हणाले ते खरं आहे, बाल्कनीनं आपलं काम संपत नाही.

सेक्रेटरीसाहेबांच्या आगीच्या मुद्द्याला मात्र उत्तर आहे. आमची जाळी कठड्याच्या आतल्या बाजूनं, चौकटीवर बसवली आहे, बाहेर एक इंचही आलेली नाही. एक इंच चौकोनाची वेल्डमेश (तारा एकमेकींना वेल्ड केलेली जाळी), आणि आमच्याकडे खाडीची खारी हवा म्हणून 304 ऐवजी कमी गंजणारं 316 ग्रेडचं स्टील. मधला एक भाग बिजागरीवर आहे, आतून दुहेरी कडी. कडी मांजराला उघडत नाही, माणसाला कुलूप शोधावं लागत नाही. फॅब्रिकेटरनं आधी नुसत्या पट्टीवर बांधायच्या तारेनं जाळी आवळून दिली होती. मी अंगठ्यानं दाबली तर खालच्या कोपऱ्यात तीन बोटं आत गेली. परत बोलावून सगळ्या कडांना पट्टी वेल्ड करून घेतली. ज्यांना करायची आहे त्यांनी पैसे देण्याआधी प्रत्येक कोपरा असा दाबून बघा.

दाणापाणी_मुलुंड
आमच्या घरी मांजर नाही, पण धाप_लागते यांना सांगायचं होतं. वरच्या मजल्यावरच्या बाईंशी भांडण्यापेक्षा त्यांना सासूबाईंकडे नेऊन बसवा. माझ्या आईनं असं कुणाला पाहिलं असतं तर दाणे इमारतीत तरी टाकले नसते. एवढंच मान्य करतो, जास्त नाही.

धाप_लागते
नेलं होतं. हळहळल्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ज्वारी. असो.

सेक्रेटरी_डोंबिवली
आतून बसवायची, रंग सगळ्यांचा एक आणि उघडणारा भाग असलाच पाहिजे, या अटींवर मी पुढच्या सभेत विषय ठेवतो. मंजूर होईल असं सांगत नाही, आमच्याकडे पाण्याच्या टाकीवरच रात्रीचे अकरा वाजतात. चौकटीचं माप आणि जाळीचा फोटो पाठवा. आणि जुनी बाहेर काढलेली ग्रिलं काढायचा विषय मी त्याच सभेत घेणार, तेव्हा मांजरवाल्यांनी माझ्या बाजूनं हात वर करायचे.

गुरांचा_डॉक्टर_नाशिक
वाडीवाले, भाटीला जाळीत ठेवा असं कुणी म्हणत नाही. पण तिला रेबीजची आणि पॅनल्यूकोपेनियाची (मांजरांच्या जीवघेण्या विषाणू-आजाराची) लस द्या, आणि नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या. माळ्यावरची प्रत्येक वीण जगत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

रत्नागिरीकर_वाडीवाला
लस दिलेली आहे, वाडीतले आहोत म्हणून अडाणी नाही. ऑपरेशनसाठी शहरात न्यावं लागतं, गोणीत घातली की गाडीभर ओरडते आणि आई मध्येच परत फिरवायला लावते. भात झोडून झाला की नेईन. घोडबंदरच्या ताई, तुमच्या रस्त्यावर मीही मांजर सोडलं नसतं, एवढं लिहून ठेवा. जाळी मला पटलेली नाही.