चौकाला नाव द्यायचंच तर दुर्गाबाई कामतांचं द्या, पटतंय का?

गोदाकाठी: परवा भाचीला घेऊन पांडवलेणीला गेले होते, खाली उतरल्यावर फाळके स्मारकात शिरलो. आठवीतली पोर आहे, दादासाहेब त्र्यंबकचे, राजा हरिश्चंद्र १९१३ चा, हे सगळं तिला तोंडपाठ. मध्येच विचारते, मावशी, त्यात तारामती कोण झाली होती गं? म्हटलं अण्णा साळुंके, पुरुष होते, हॉटेलात काम करायचे. तर म्हणे, मग खरी बाई कधी आली? अगं त्याच वर्षी! दादासाहेब मुंबईहून नाशकात आले, इथे मोहिनी भस्मासुर काढला, त्यात दुर्गाबाई कामत पार्वती आणि त्यांची जेमतेम तेरा वर्षांची मुलगी कमला मोहिनी. म्हणजे आपल्या सिनेमात बाई आली ती आपल्या गावात आली, आणि गावातल्या पोरींना त्या मायलेकींची नावंही माहीत नाहीत. माझं स्पष्ट मत आहे, शहरातल्या एका तरी चौकाला दुर्गाबाईंचं नाव द्यावं.

कारंजावाला: ताई, भावना कळते पण पटत नाही. त्या दोघी नाटक कंपनीतल्या, एका सिनेमापुरत्या इथे आल्या. आणि तो सिनेमा आज बघायलाही मिळत नाही. नाशिकची म्हणून मान द्यायचा तर मंदाकिनीला द्या, दादासाहेबांची लेक. १९१९ च्या कालिया मर्दनमध्ये कृष्ण झाली तेव्हा सहा-सात वर्षांची असेल. सुरुवातीलाच नुसता तिचा चेहरा दिसतो, साधी पोर, एकेक भाव करून दाखवते आणि मग तीच कृष्ण होते. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा दोनदा मागे नेऊन पाहिलं. शंभर वर्षं उलटून गेली तरी ती नजर ताजी आहे हो.

इंदिरानगरकर: तुम्ही दोघंही दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाईंना विसरलात. दागिने त्यांनी दिले, फिल्मला भोकं पाडली, रसायनं कालवली, आणि अख्ख्या कंपनीचा स्वयंपाकही त्यांनीच केला. पहिलं नाव त्यांचं.

गोदाकाठी: सरस्वतीबाईंबद्दल दुमत नाहीच, पण इथे विषय कॅमेऱ्यासमोर उभं राहण्याचा आहे. कारंजावाले दादा, मंदाकिनी गोड होती, मान्य, पण तिच्यासमोर कॅमेरा धरणारा तिचा बाप होता, घरचीच कंपनी, कौतुक करायला सगळे हजर. दुर्गाबाईंच्या मागे कोण होतं? नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, एकटीने मुलगी वाढवत होत्या, नाटकात काम करते म्हणून जातीतल्या लोकांनी आधीच दूर केलेलं. आणि ते दिवस असे की तारामतीसाठी दादासाहेबांनी नाचगाण्याचा धंदा करणाऱ्या बायकांनाही विचारलं, त्यांनीसुद्धा सिनेमा म्हटल्यावर नकार दिला. त्या काळात ही बाई स्वतः उभी राहिली आणि पोटच्या पोरीलाही उभं केलं.

कारंजावाला: पोटच्या पोरीलाही, तिथेच अडतंय माझं. तेरा वर्षांच्या मुलीला कोणी विचारलं होतं? आणि दुर्गाबाईंनी हे पोटासाठी केलं. नाइलाजाला आपण आज धाडस म्हणतोय, हे मला प्रामाणिक वाटत नाही.

गोदाकाठी: पोटासाठी केलं म्हणून कमी कसं होतं? माझ्या आजीने मुलांना शिकवायला पंचवटीत वीस वर्षं लोकांचे डबे केले, तेही पोटासाठीच, म्हणून ते धाडस नव्हतं का? घरी खायला नसणाऱ्या बाया त्या काळी हजारो होत्या, सगळ्या काही कॅमेऱ्यापुढे गेल्या नाहीत. कमलाचं म्हणता तर ती लहानपणापासून रंगभूमीवरच होती, पुढे पुरुष भूमिकाही केल्या तिने. नवरा लवकर गेला, तीन मुलगे वाढवले. चंद्रकांत गोखले नट, लालजी आणि सूर्यकांत तबल्यात, नातू विक्रम गोखले. १९९७ पर्यंत होत्या कमलाबाई! चार पिढ्या रंगमंचावर, आणि सुरुवात त्या एकट्या बाईपासून.

इंदिरानगरकर: हे मला माहीत नव्हतं, विक्रम गोखले म्हणजे पहिल्या मोहिनीचे नातू! तरी माझं मत सरस्वतीबाईंनाच, पण दुर्गाबाईंचं नाव दुसरं घ्यायला हरकत नाही.

कारंजावाला: डब्यांचं पटलं ताई, नाइलाज हा शब्द मी मागे घेतो. पण चौकाला अजूनही नाहीच म्हणेन. चौकाचं नाव रिक्षावाले आठवड्यात बदलून टाकतात, जुनंच बोलतात. त्यापेक्षा ३ मेला, राजा हरिश्चंद्र प्रदर्शित झाला त्या दिवशी, शाळांमधून कालिया मर्दन दाखवा आणि आधी दहा मिनिटं कोणीतरी ही मायलेकींची गोष्ट सांगा. पोरी बघतील तर लक्षात ठेवतील.

गोदाकाठी: ते पण करा, मी सांगायला येते. भाचीच्या शाळेत उद्याच विचारते. चौकाचा अर्ज मात्र लिहून ठेवलाय, सोमवारी देणार, ज्यांना सही करायची त्यांनी रविवारी सकाळी गंगेवर रामकुंडापाशी भेटा.