स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर: पहिला टेक की पूर्ण गाणं?

जुनी_कॅसेट
बीटल्स या इंग्लिश बँडच्या 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर'चा पहिला टेक (ध्वनिमुद्रणाचा पहिला प्रयत्न) १९९६ साली 'अँथॉलॉजी २' या संचात आला. तो ऐकल्यापासून १९६७ साली बाजारात आलेलं गाणं मला फार नटवलेलं वाटतं. टेक २४ नोव्हेंबर १९६६ चा. सुरुवातीला ते बासरीसारखे मेलोट्रॉनचे (टेपवरचे सूर वाजवणाऱ्या कीबोर्डचे) सूर नाहीत, ध्रुवपदही नाही, गाणं लिहिणारा आणि गाणारा जॉन लेनन थेट कडव्यालाच हात घालतो. लिव्हरपूलमध्ये त्याच्या घराजवळ एक बालगृह होतं, स्ट्रॉबेरी फील्ड. त्याची आठवण एक माणूस आपल्याशेजारी बसून सांगतोय, एवढंच. पुढे ट्रम्पेट आणि चेलो चढले आणि तो माणूस लांब गेला. माझ्यासाठी पहिला टेक हेच गाणं. तुम्हाला काय वाटतं?

स्वरमंडळ
अजिबात पटलं नाही. लेननला सातवा टेक आवडला होता आणि वाद्यमेळाचा सव्विसावाही. एकाची सुरुवात आणि दुसऱ्याचा पुढचा भाग त्यालाच हवा होता. दोन्हींची पट्टी वेगळी, लयही वेगळी. निर्माते जॉर्ज मार्टिन आणि ध्वनिमुद्रक जेफ एमेरिक यांनी टेपचा वेग कमीजास्त करून २२ डिसेंबरला ते जोडले.

हेडफोन लावा आणि एक मिनिटाच्या आसपास कान द्या. चेलो आत येतात आणि लेननचा आवाज एकदम जड होतो, झोपेत बोलल्यासारखा. टेप मंदावल्याचा परिणाम. आठवणीत बुडत जाणं म्हणजे काय, ते मला त्या आवाजात कळतं. शिवाय बँडचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसनने छेडलेलं स्वरमंडळ! किशोरीताईंच्या मांडीवर पाहिलेलं वाद्य तिथे झरझर उतरत येतं तेव्हा अंगावर काटा येतो. तुमच्या पहिल्या टेकमध्ये हे कुठे आहे?

जुनी_कॅसेट
सांधा मीही शंभरदा ऐकलाय. कारागिरीला दाद देतोच. पण त्या जागी माझं लक्ष टेपकडे जातं, शब्दांवरून उडतं. पहिल्या टेकमध्ये तसं एकदाही होत नाही.

तिसरी_घंटा
मी गाण्यागणिक ठरवते. इथे स्वरमंडळ यांचं बरोबर वाटतं, पण बीटल्सचंच 'व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स' घ्या. २५ जुलै १९६८ च्या टेकमध्ये हॅरिसनचा आवाज, त्याची अकूस्टिक गिटार आणि बँडमधल्याच पॉल मॅकार्टनीची हार्मोनियम, बस्स. शेवटी एक कडवं आहे, ते नंतर गाळलं. पुढे ड्रम्स आले, सप्टेंबरमध्ये बँडबाहेरच्या एरिक क्लॅप्टनची गिटार आली, गाणं भारदस्त झालं. पण जुलैमध्ये हॅरिसन एकटा पडलेला ऐकू येतो, आणि मला तोच हवा असतो.

स्वरमंडळ
अहो, गाणंच गिटारच्या रडण्याचं आहे, मग रडणारी गिटार नको कशी? क्लॅप्टन एकेक सूर ओढून सोडतो, ते ऐकूनच मी या बँडकडे वळलो. ते कडवं मात्र गाळायला नको होतं, एवढं मान्य.