रिकर्व्ह धनुष्याचे लिम्ब्स (वाकणारी पाती) घासून पाउंड (ओढायचं वजन) उतरवावेत का?

तिरकमठा (धागाकर्ता)
पुतणीसाठी सेकंड हँड आयएलएफ (कोणत्याही आयएलएफ रायझरवर बसणारे) लिम्ब्स घेतलेत. मीडियम साइज, वर छापलंय 68-36 / 66-38 (68 इंची धनुष्याला 36 पाउंड, 66 इंचीला 38). रायझर (मधला मुठीचा भाग) 23 इंची, म्हणजे धनुष्य 66 इंची, 38 पाउंड. पोरगी चौदाची. स्ट्रिंग हनुवटीपर्यंत आणताना खांदा कानाला भिडतो आणि अँकरवर (पूर्ण ओढून हात टेकवतो तिथे) हात थरथरतो. नवे हलके लिम्ब्स घेतले तर वर्षभरात तेही कमी पडणार. माझं सरळ मत आहे, कडा पॉलिश पेपरनं उतरवाव्यात आणि 30 वर आणावं. जुने कारागीर हेच करायचे की!

सातारी_कंदी
ते अख्ख्या लाकडाचं किंवा बांबूचं धनुष्य तासायचे. तुमच्या लिम्बच्या पोटात लाकूड किंवा फोम आहे आणि ताण पेलतात ते वरखालचे फायबरग्लासचे पातळ थर. तिथेच पेपर मारणार?

सुतारपक्षी
एवढं घाबरवू नका हो. लाकडी स्क्रू-ऑन (स्क्रूनं घट्ट बसवलेल्या) रिकर्व्हचे लिम्ब्स मी घासतो, नीट चालतात. ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे बदलतो, रुंदीच्या मात्र सरळ प्रमाणात. जाडी 2 टक्के गेली की वजन 6 टक्क्यांच्या आसपास उतरतं, म्हणून जाडीला हात लावायचा नाही, फक्त कडा घ्यायच्या. पेपर ओला, तोंडाला मास्क (ग्लासची धूळ छातीत गेलेली परवडत नाही), दोन्ही लिम्ब्सवर सारखे हात. मध्येमध्ये स्ट्रिंग चढवून सामान तोलायच्या काट्यानं ओढून बघायचं. कडेला पांढरी रेघ उठली की तिथेच थांबायचं.

सातारी_कंदी
सरळ प्रमाण म्हणालात ना? मग 38 चे 30 करायला रुंदीचा पाचवा हिस्सा उडवावा लागेल! रिकर्व्हचं टोक आधीच निमुळतं. आणखी अरुंद केलंत तर लिम्ब पिळतो आणि स्ट्रिंग खाचेतून बाजूला घसरते.

तिरकमठा, आधी साधा हिशेब करा. छापील वजन 28 इंच ओढीचं असतं. पुतणीची ओढ किती?

तिरकमठा
26 च्या आसपास.

सातारी_कंदी
इंचामागे साधारण 2 पाउंड धरा, म्हणजे तिच्या बोटांवर आत्ताच 34 येतात. हेच लिम्ब्स 25 इंची रायझरला लावले की धनुष्य 68 इंची होतं, आणखी 2 गेले. लिम्बवरचे ते दोन आकडे त्याचेच आहेत. मग ॲलन कीनं दोन्ही लिम्ब बोल्ट सारखे सैल करा, 5 टक्क्यांपर्यंत उतरतं. झाले की 30-31! फक्त कंपनीनं दिलेल्या आट्यांपलीकडे बोल्ट बाहेर काढू नका. नंतर टिलर (वरच्या-खालच्या लिम्बपासून स्ट्रिंगच्या अंतरांतला फरक) आणि ब्रेस हाइट (मूठ ते स्ट्रिंग अंतर) तपासा. 38 साठी घेतलेले बाण आता ताठ पडतील, ते मात्र बदलावे लागतील.

बिनधास्त_बाण
मुळात उतरवायचंच कशाला? स्पर्धेत अठराखालच्या रिकर्व्हला 60 मीटर अंतर असतं, पुढे सीनियरला 70. हलक्या धनुष्याचा बाण उंच कमान घेत जातो आणि वाऱ्यात भरकटतो. रबर बँड ओढायला लावा, खांदे आपोआप तयार होतील.

सातारी_कंदी
आपोआप काही होत नाही. झेपत नसलेलं धनुष्य रोज ओढलं की पाठ मागे झुकवायची खोड लागते, ती सोडवताना कोचच्या नाकी नऊ येतात. अजून 18 मीटरवरच ग्रुप बसत नाहीये (बाण जवळजवळ लागत नाहीत), 60 चं काय घेऊन बसलात?

सुतारपक्षी
आयएलएफ घासू नये, मान्य. बोल्टची सोय असताना कोण घासेल? पण स्क्रू-ऑनला ती सोय नाही. तिथे 2-3 पाउंडांसाठी कडा घेणं मी चूक मानत नाही, मानणारही नाही.

तिरकमठा
25 चा रायझर क्लबात आहे, पण जड आहे. डावा हात खाली येईल.

सातारी_कंदी
तूर्त स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा) काढून ठेवा. आणि स्ट्रिंग 68 ची घ्या, 66 ची त्यावर बसणार नाही.