वस्तीवर पोलीस, अटक, मारहाण याबद्दल शिकवायचंय, पुस्तिका काढू का दुसरं काही?

अभ्यासिकावाला:
नमस्कार मंडळी. सोलापूर जिल्ह्यात एका पारधी वस्तीवर आम्ही पाच-सहा पोरं संध्याकाळची अभ्यासिका चालवतो. आसपास कुठं घरफोडी झाली की पहिली गाडी आमच्याकडंच येते, त्यात नवीन काय नाही. मागं एका पोराला रात्री "विचारपूस करून सोडतो" म्हणून नेलं, तिसऱ्या दिवशी सोडलं, तळपाय सुजलेले आणि कागद एक नाही, म्हणजे नेलंच नव्हतं असं. आता ३१ ऑगस्टला विमुक्त दिन आहे, आमच्यावरचा गुन्हेगार जमातीचा शिक्का पुसला तो दिवस, तर हक्कांची पुस्तिका काढावी म्हणून मी नेटवरून कलमं गोळा करून २४ पानं टाईप केली, आणि मावशीला वाचून दाखवली तर म्हणाली, बाळा हे फौजदाराला वाचून दाखव 😅 काय ठेवू, काय काढू?

काळाकोट:
मावशी बरोबर बोलली. रात्री दोन वाजता २४ पानं कोण उघडणार? एकच पान करा, मोठ्या अक्षरात, आणि तेच पारधी बोलीत रेकॉर्ड करून व्हॉट्सॲपवर फिरवा.
पहिली गोष्ट वेळ. किती वाजता नेलं, कुठलं ठाणं, गाडीचा नंबर, आणि लगेच ११२ ला फोन, एसपी ऑफिसला मेल. आमचे सीनियर अशा वेळी कोर्टाला तार ठोकायचे, तार २०१३ ला बंद झाली पण युक्ती तीच, वेळेचा शिक्का असलेला पुरावा आपल्या हातात पाहिजे. कारण अटक कागदावर येते ती त्यांच्या सोयीनं, आणि कोर्टापुढं उभं करायचे २४ तास तिथून मोजले जातात. अटकेच्या मेमोवर वेळ, तारीख आणि घरच्या किंवा गावातल्या साक्षीदाराची सही लागते, सुप्रीम कोर्टाच्या डी. के. बसू निकालापासून, म्हणजे १९९६ पासून. आणि नेटवरचे जुने नंबर छापू नका, १ जुलै २०२४ पासून सीआरपीसीच्या जागी बीएनएसएस हा नवा कायदा आलाय, अटक न करता चौकशीला बोलवायची ४१ अ ची नोटीस आता ३५(३) आहे, २४ तासांचं कलम ५७ चं ५८ झालं. फुकट वकिलासाठी १५१०० ला फोन, कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही.
पण खरी गोची वेगळीच. रिमांडला उभं केलं की मॅजिस्ट्रेट विचारतात, पोलिसांबद्दल काही तक्रार? पोलीस मागंच उभा. पोरगा म्हणतो नाही. झालं, ते "नाही" रेकॉर्डवर गेलं, नंतर मी कितीही ओरडलो तरी उपयोग शून्य. हे पुस्तिकेनं शिकवता येत नाही, याची तालीमच घ्यावी लागते.

घाटकोपरकर:
वकीलसाहेबांचं पटलं पण इतिहास सगळा काढून टाकू नका हो. मी घाटकोपरच्या रमाबाई नगरची. ११ जुलै १९९७ ला बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि एसआरपीच्या म्हणजे राखीव पोलिसांच्या गोळीबारात १० जण गेले, मी तेव्हा नववीत होते. गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या फौजदाराला जन्मठेप व्हायला २००९ उजाडलं, मग हायकोर्टातून जामीन. शाळेत हे कुणी शिकवलं नाही, दरवर्षी स्मारकापाशी म्हाताऱ्या बायका सांगतात म्हणून पोरांना माहिती.
तुमच्याकडं तर इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आहे, आख्खी जमातच जन्मजात गुन्हेगार, पोलिसांकडं रोजची हजेरी, सोलापुरात जिथं अशा लोकांना डांबून ठेवायचे त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात ना? मार खाणं नशिबात लिहिलंय असं वाटणाऱ्या माणसाला हे सांगा की ते कुणीतरी कागदावर लिहिलं होतं आणि १९५२ ला खोडलं. एक मात्र करा, त्या पोराची गोष्ट त्याला आणि त्याच्या आईला विचारल्याशिवाय कुठंच वापरू नका. नाव बदललं तरी वस्तीत सगळ्यांना कळतंच.

लाईनीतला पोरगा:
माझे वडील हवालदार होते, त्यामुळं थोडं इकडचं पण. "पोलीस म्हणजे राक्षस" छाप नाटक बसवू नका, ठाण्यातले हसतील आणि पुढच्या वेळी जास्त चिडून येतील. डिटेक्शन दाखवा, म्हणजे गुन्हे उघडकीला आणा, म्हणून वरून रेटा असतो, मग सोपा माणूस उचलायचा. वडील म्हणायचे, ज्याच्यामागं फोन येतो त्याला कोण हात लावत नाही. म्हणजे उत्तर तुमच्यासमोरच आहे, प्रत्येक वेळी चार जण ठाण्याबाहेर जाऊन फक्त बसा. घोषणा नकोत, बसलेलं दिसलं पाहिजे. आणि ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवा असा अर्ज त्याच दिवशी द्या, पोच घेऊन. २०२० च्या निकालात सुप्रीम कोर्टानं निदान वर्षभर ठेवायला सांगितलंय.

अभ्यासिकावाला:
सगळ्यांना धन्यवाद. लाईनीतला, ठाण्याबाहेर बसायचं म्हणतोस पण आमचे चार गेले तर चौघांनाही आत घेतील अशी बायकांना धास्ती आहे, म्हणून शाळेतले एक मास्तर सोबत यायला तयार केलेत. २४ पानं बाजूला ठेवली, एक पान आणि ऑडिओ करतोय.
काल कोर्टाची तालीम घेतली. मावशी मॅजिस्ट्रेट, मी पोलीस, दहावीतला एक पोरगा आरोपी. तो वस्तीतला सगळ्यात बोलका. मावशीनं विचारलं, पोलिसांबद्दल काही तक्रार? त्यानं एकदा मागं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, नाही साहेब. कुणीच हसलं नाही. रविवारी परत घेतोय, या वेळी मी मागं उभा राहणार नाही आधी, मग हळूहळू.